जिला लागलं तिनं सांगायचं

खडकवाडी, वाटूर फाटा
३ फेब्रुवारी

साधना,

वर 'प्रिय' लिहावं तर तू म्हणशील आक्का नाटक करून राह्यली. 'चिरंजीव' लिहावं तर म्हणशील मोठेपणा मिरवून राह्यली. म्हणून नुसतं नाव लिहिलं. माझा नंबर तू बंद करून ठेवलास, तवा कागदाबिगर इलाज न्हाई. पत्ता साजियानं दिला. तिच्यावर राग धरू नको. लालमियाँ मुजावरांची नात, माझ्या कराटे क्लासातली सगळ्यात चांगली पोर. ती तुझे सगळे व्हिडिओ बघती आणि मी आले की फोन पालथा घालती.

मदत मागायला लिहीत न्हाई, हे आधीच सांगून ठेवते. भांडायला लिहून राह्यले.

तुझा तो शिवाशिवीचा व्हिडिओ. हैद्राबादच्या जिममधल्या फायटिंगच्या पिंजऱ्याला टेकून तू म्हणतीस, "पॉइंट कराटे म्हणजे शिवाशिवी. हात लावा आणि पळा. खऱ्या मारामारीत ह्याचा काडीचा उपयोग न्हाई." जग बघतंय तर बघू दे. पण माझ्या गावात तो घरोघरच्या फोनवर फिरला, आणि लोक मलाच आणून दाखवतात, "मॅडम, ही तुमची बहीण ना?" दळण घेऊन गेले तर गिरणीवाला विचारतो, शिवाशिवीचा क्लास आज हाये का. उचलली जीभ अन् लावली टाळ्याला, ही तुझी सवय काही गेली न्हाई.

हसण्यावारी नेलं असतं. पण गावातल्या हॉलचा प्रश्न उभा राह्यला. शाळेच्या मागचा मोठा हॉल, जिथं मी संध्याकाळी पोरींना शिकवते. राजानंद वस्तादांच्या तालमीत आता पोरी बी कुस्ती खेळतात. त्यातली बेबीनंदा पार राज्याच्या स्पर्धेला जाऊन आली. तिच्यासाठी कुणी देणगीत कुस्तीची गादी दिली. ती गादी एकदा अंथरली की रोज उचलता येत न्हाई, म्हणून वस्ताद म्हणतात हॉल कुस्तीला द्या. आणि गावकरी म्हणतात, बराबर हाये, कुस्ती खरी, कराटे शिवाशिवी, खुद्द मॅडमची बहीण सांगती.

बैठकीत माझं डोकं फिरलं. मी म्हणलं, "ठरवा मंग. माझी एक पोर, तुमची एक पोर. उरसात, सगळ्या गावासमोर. जी जिंकंल तिच्या क्लासला हॉल."  मंग वस्ताद हळूच हसले आणि म्हणले, "लागली जोड."

आता तुझ्यासारखी मी अडाणी न्हाई. सगळे नियम मी बसून ठरवून घेतले. बेबीनंदानं साजियाला एकदा चितपट केलं की बेबीनंदा जिंकली. त्याच्या आधी साजियानं तिला तीनदा साफ मारलं की साजिया जिंकली. मार थांबवून द्यायचा, दुखवायचं न्हाई. कपडे कुठले, नखं किती, वेळ किती, सगळं पक्कं. एकाच गोष्टीवर मी हरले. साजियाचा मार लागला का न्हाई हे कोण मोजणार? मी म्हणलं जालन्याहून रेफरी आणते. वस्ताद म्हणले, "रेफरीला तरी दुरून काय कळतं? आमच्या तालमीत एकच रीत. जिला लागलं तिनं सांगायचं."

आता सांग, भर उरसात, सगळ्या गावासमोर, हॉल जाणार असताना कोणती पोर आपल्या तोंडानं म्हणंल की मला लागलं? मी लई भांडले. पण पंच तेच, गाव त्यांचंच. शेवटी म्हणलं, ठीक हाये, साजिया असं मारंल की आवाजच येईल.

उरूस महिन्याच्या अखेरीला हाये. तुझ्या त्या पिंजऱ्यात कुस्तीवाले बी येतात ना? नुसतं विचारून राह्यले. कुस्तीवाली पोर कशी येती अंगावर, पहिल्यांदा काय धरती, एवढं कळलं तर बरं. न्हाई कळवलंस तरी आमचं अडत न्हाई.

आई यंदा बी हुरड्यातला तुझा वाटा वेगळा काढून ठेवून राह्यली. मी सांगितलं, किडे होतात त्याच्यात. ती ऐकत न्हाई.

— आक्का


११ फेब्रुवारी

साधना,

तुझं उत्तर आलं. उत्तर म्हणजे काय, साजियाच्या फोनवर तीन शब्द. "माती का मॅट?"

साजियानं वाचून दाखवलं तवा मी चहा गाळून राह्यले होते. गाळणी तशीच हातात राह्यली. सगळे नियम मी ठरवले, नखाची लांबी ठरवली, आणि खाली काय असंल हे विचारलंच न्हाई. माझ्या डोक्यात फायटिंग म्हणलं की खाली मॅट असतीच. जन्मभर तेच पाह्यलं. तू नऊ वर्षं बाहेर राह्यलीस, तुझा पहिला सवाल पायाखाली काय हाये. एवढ्यावरून तुझ्या-माझ्यातला फरक मला कळला, आणि त्याचा मला राग आला, हे बी लिहून टाकते.

लगेच वस्तादांकडं गेले. ते तालमीच्या दारात बसून हरभरा सोलून राह्यले होते. मी म्हणलं, "वस्ताद, हॉलमध्ये घेऊ या." ते म्हणले, "बाई, उरसाची कुस्ती मातीतच. पीरबाबासमोर. पिढ्यांची चाल मी कशी मोडू? आणि तुम्ही त्या दिवशी सगळं विचारलंत, हे न्हाई विचारलंत." मी जास्ती बोलले न्हाई. नाचता येईना अंगण वाकडं, असं दुसऱ्या दिवशी साऱ्या गावानं म्हणलं असतं.

संध्याकाळी साजियाला तालमीतल्या हौदात उतरवलं. नवी लाल माती, खोदून मऊ केलेली, त्यात तेल, ताक, हळद. तिला आपलं नेहमीचं टुणूक टुणूक कर म्हणलं. दोन उड्या मारल्या आणि घोट्यापर्यंत आत. पुढं झेप घेतली तर पाय मागंच राह्यला आणि पोर तोंडावर पडली. काठावर बेबीनंदा दोरीच्या उड्या मारून राह्यली होती. ती थांबली, आली, हात देऊन साजियाला उठवलं आणि म्हणली, "पहिल्या दिवशी माझं बी असंच झाल्तं." चांगली पोर हाये, तेच वाईट वाटतं. तिचा बाप जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात भट्टीवर हाये. पोरीसाठी रोज इतक्या लांबून येऊन-जाऊन करतो. मानेवर, खांद्यावर नुसती ताकद. साजिया तिच्यापुढं ज्वारीचं धाट.

तू म्हणशील, हेच तर मी व्हिडिओत सांगत होते. सांगत होतीस. पण साधना, स्पर्धेत आपल्याला वजनाची, वयाची जोडीदार शोधून देतात, आणि रस्त्यावर जोड लावायला कोणी बसत न्हाई, हे मला कळत न्हाई असं तुला वाटतं का? मी पोरी शिकवते. परतूरच्या स्टँडवर त्यांच्या मागं कोण कोण लागतं ते मला ठाऊक हाये. गेल्या वर्षी साजियाचा हात एका टोणग्यानं धरला. हिनं मारलं न्हाई. क्लासात ओरडतो तसं पोटातून ओरडली, हात पिळून सोडवला आणि दोन पावलं मागं सरून पवित्र्यात उभी राह्यली. सगळं स्टँड बघू लागलं. तो निघून गेला. शिवाशिवीत दुसरं काही न्हाई तरी लांब कुठं उभं राहायचं हे शिकवतात. खऱ्या मारामारीत त्याचा उपयोग न्हाई म्हणतीस, पण त्या दिवशी खरी मारामारी झालीच न्हाई, ती कशामुळं?

असो. मातीत काय करायचं ते सांग. हो, आता मागून राह्यले मदत. माझ्यासाठी न्हाई. हॉल गेला तर पोरींना मी कुठं नेऊ? बायांना आधीच कारण पाहिजे असतं पोरीला घरी बसवायला. "हॉल न्हाई" एवढं कारण पुरतं. आज वीसेक येतात, पुढल्या उरसापर्यंत दोन बी राहायच्या न्हाईत.

— आक्का


२१ फेब्रुवारी

साधना,

हे कसलं बोलणं म्हणावं, सांग मला. तू रोज संध्याकाळी साजियाला व्हिडिओ कॉल लावतीस. फोन मी धरते. तुला तिचे पाय दिसतात, माती दिसती, माझा अंगठा दिसतो. आणि तू म्हणतीस, "साजिया, फोन धरला असंल त्यांना सांग जरा खाली धरा." त्यांना सांग! मी बी म्हणते, "साजिया, बोलून राह्यल्या त्यांना सांग, माझा हात अवघडला." पोर दोघींच्या मधी हसून हसून बेजार. परवा लालमियाँ रानाच्या धुऱ्यावर उभे राहून बघून राह्यले होते. म्हणले, "दैवशाला बेटी, दो बहनां एक फोन में, फिर बी बात नई करते. क्या जमाना आया!"

कपाशी उपटलेलं आमचं रान आमच्या यांनी नांगरून दिलं, तिथंच आमची तालीम. तुझं "पाय उचलू नको, ओढ" एकदम बराबर निघालं. ढेकळांत पहिले दोन दिवस साजिया बदकासारखी चालली. आता सरकती. उड्या मारत न्हाई, तरी जिथं पाहिजे तिथं पोचती. मी इतकी वर्षं शिकवते, पण मला हे सुचलं नसतं. घे, खूश हो.

पण कालच्या गोष्टीवर मला बोलायचं. तू तिला सांगितलंस, "ती पट काढायला, पाय ओढायला खाली वाकली की गुडघा तोंडावर. थांबवू नको. रस्त्यावर कुणी कुणाचं नाक बघत न्हाई." मी फोन बंद केला तो रेंज गेली म्हणून न्हाई. मीच केला.

साधना, समोर रस्त्यावरचा टोणगा न्हाई, बेबीनंदा हाये. ती पुढच्या महिन्यात परत स्पर्धेला जाणार. तिचं नाक, तिचे दात आपल्या हॉलपेक्षा मोठे हायेत. जिंकण्यासाठी पोरीचं तोंड फोडायचं असंल तर मला तो हॉल नको. आणि थांबवणं म्हणजे कच्चेपणा, हे जे तू जगाला सांगत फिरतीस ना, एकदा करून बघ. पूर्ण जोरात सोडलेला हात दोन बोटांवर आणून उभा करायचा. जोरात मारणं आपल्या दोघींना लहानपणीच येत होतं.

हे लिहिलं आणि कळलं की मी कुठं येऊन पोचले. ठीक हाये. नऊ वर्षं आपण त्याच्या कडेकडेनं चालून राह्यलो, एकदा मधून जाऊ.

संभाजीनगरची विभागीय फायनल. एकाच वजनात दोघी बहिणी, लोकांना मजा वाटून राह्यली होती. तुझा हात थांबला न्हाई. माझा जबडा सरकला, मी खाली. रेफरीनं तुला जादा मार दिला म्हणून बाद केलं. नियमच तसा हाये, जास्ती जोरात मारणारा हरतो. मला स्ट्रेचरवर आडवीच असताना सोन्याचं मेडल दिलं, आणि तू मॅटवर उभीच्या उभी हरलीस. दवाखान्यात येऊन तू म्हणलीस, "उठता येत होतं तुला आक्का. मेडलसाठी पडून राह्यलीस." माझं तोंड तारांनी बांधलेलं. मला बोलता येत न्हव्हतं, आणि तू थांबली न्हाईस. त्याच आठवड्यात हैद्राबादची गाडी धरलीस.

त्याच्यावर मी आज काही लिहीत न्हाई. लिहायचं ठरवलं होतं, पण आत्ता राग हाये. रागात लिहिलेलं तुझ्याच कामाला येईल.

गुडघ्याचा निकाल साजियानंच लावला. आज ती म्हणली, "मॅडम, तुम्ही दोघी भांडू नका. गुडघा मी त्यांच्यासारखा उचलते आणि तुमच्यासारखा थांबवते." मी म्हणलं, येईल का? म्हणली, "बघू की." दिवसभर रानात यांच्या हातात उशी देऊन वाकायला लावलं. बियाण्याच्या प्लांटातली रात्रीची शिफ्ट करून आलेला माणूस, मुकाट्यानं वाकत होता. नवरा असावा तर असा. दोनदा उशी फुटली, मंग फुटायची थांबली.

— आक्का


१ मार्च

साधना,

काल उरूस झाला. तू फोन लावून राह्यली असशील, साजियाचा फोन तिच्या अम्मीनं पेटीत ठेवलाय, पोरीला झोपू द्या म्हणून. पाठ धरलीय तिची, बाकी काही न्हाई. तू काळजी करू नको. आता पहिल्यापासून सांगते, मधी थांबवू नको.

संदलची मिरवणूक झाल्यावर दुपारी कुस्त्या सुरू झाल्या. आधी लेकरांच्या, रेवड्यांच्या बक्षिसावर. मंग मोठ्यांच्या. आमची जोड शेवटाला ठेवली होती. कुंभार पिंपळगावपर्यंतची माणसं आल्ती, बाया बी, शाळेच्या भिंतीवर पोरं. हलगी अशी कडाडून राह्यली होती की मला माझंच बोलणं ऐकू येत न्हव्हतं. लालमियाँ दर्ग्यातून उठून समोरच्या हौदाच्या काठावर येऊन बसले. साजियाला एवढंच म्हणले, "डरना नई. गिरी तो मट्टीच है."

सलामी झाली. वस्तादांनी दोघींचे हात हातात दिले आणि बाजूला सरले.

बेबीनंदा सरळ आली. साजिया उडाली न्हाई, सरकली. बेबीनंदानं हात टाकला तो हवेत गेला, आणि साजियाचा हात तिच्या छातीवर टेकून माघारी आला. मला दिसलं. बाकी कुणाला काही दिसलं न्हाई. मनात आलं, आता ही गप राह्यली तर? बेबीनंदा थांबली, एक हात वर केला आणि मोठ्यानं म्हणली, "लागलं."

लोक म्हणून राह्यले, काय लागलं, कुठं लागलं. कुणाला काही कळंना. वस्तादांनी बोट वर केलं. एक.

मंग ती सावध झाली. बराच वेळ नुसतं फिरणं चाललं. गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "पळापळी बघायला आलोत का?" तेवढ्यात बेबीनंदा पट काढायला खाली गेली. काय वेग त्या पोरीचा, साधना, साप पोटावर सरकत जावा तशी गेली. आणि साजियाचा गुडघा वर आला. मी डोळे मिटले. खरं सांगते, मिटले. उघडले तर गुडघा बेबीनंदाच्या नाकासमोर उभा, मधी बोट जाईल एवढीच जागा. दोघी तशाच. बेबीनंदा त्या गुडघ्याकडं बघून राह्यली होती.

मंग म्हणली, "लागलं न्हाई. पण लागलं असतं. लागलं धरा."

 वस्तादांच्याच तालमीची पोर, त्यांचीच रीत. त्यांनी दुसरं बोट वर केलं. लोक आता चिडले. गाढवाला गुळाची चव काय. त्यांना वाटलं वस्ताद आणि मी मिळून काहीतरी करून राह्यलो.

तिसऱ्याला बेबीनंदानं कंबर धरली. एकदा कंबर धरली की तिथून सुटका न्हाई, हे तू साजियाला बजावलं होतंस आणि ते शंभर टक्के खरं. तिनं साजियाला वर उचललं. पोर हवेत, पाय वर, आणि त्या हवेतच तिचा हात कुठंतरी गेलेला मी पाह्यला. गळ्याजवळ गेला का खांद्याला धरायला गेला, मला समजलं न्हाई. मंग धप्पकन खाली. दोन्ही खांदे मातीला. साफ चितपट.

हलगी कडाडली. गाव हौदात घुसलं. बेबीनंदाला खांद्यावर घेतलं, कुणी फेटा बांधला, कुणी गुलाल. मी साजियाकडं धावले. ती आभाळाकडं बघत पडली होती, श्वास अडकलेला. पाठीखाली हात घातला आणि पहिलं काय विचारलं असंल मी? दुखतंय का, हे न्हाई विचारलं. विचारलं, "हात लागला होता का गं? उचलायच्या आधी?"

साजिया म्हणली, "मॅडम, मला नका विचारू. ते तिनं सांगायचं असतं."

मला एवढा राग आला, कुणाचा आला तेच कळंना. आपल्या स्पर्धेत असती तर मी टेबलावर धावले असते, हात आपटला असता, व्हिडिओ दाखवा म्हणले असते. तिथं टेबल न्हव्हतं. मातीत बसून राह्यले. डोक्यात एकच, हॉल गेला. सोमवारी पोरी येतील आणि मी त्यांना दारातून परत पाठवीन.

तवा खांद्यावरची बेबीनंदा लोकांना खाली उतरवा म्हणून राह्यली, हे मला आधी कळलंच न्हाई. तिनं उडीच टाकली. फेटा काढून हातात घेतला आणि वस्तादांसमोर जाऊन उभी राह्यली.

"वस्ताद, उचलायच्या आधी लागलं. इथं." तिनं गळ्याच्या खड्ड्यावर बोट ठेवलं. "तिनं दाबलं न्हाई. दाबलं असतं तर मी उचलूच शकले नसते."

एकजण ओरडला, "अगं फेकलं की तू तिला!" तिचा बाप पुढं आला, म्हणला, "बेबे, हॉल जाईल." ती म्हणली, "मला ठाऊक हाये, आबा."

 वस्तादांनी तिसरं बोट वर केलं. मला वाटतं त्या म्हाताऱ्याला तेवढं बोट उचलायला हौद खोदण्यापेक्षा जास्त ताकद लागली असंल. म्हणले, "कराटे जिंकलं. हॉल मॅडमचा." आणि धोतराचा सोगा सावरत तालमीकडं निघून गेले.

गर्दी बोटं मोडत पांगली. माझ्या पोरी नाचायला लागल्या. मी बी नाचले असते. पण माझं लक्ष बेबीनंदाकडं गेलं. ती हौदात एकटीच उभी होती, हात खाली सोडून, अंगाला गुलाल तसाच. साजिया मातीत आडवी आणि जिंकलेली. ही उभी आणि हरलेली. साधना, हे मी आधी पाह्यलंय. पाह्यलंय म्हणजे खालून पाह्यलंय, स्ट्रेचरवरून. तू तशीच उभी होतीस.

मी तिच्याकडं गेले.  म्हणलं, "सोमवारी हॉलवर ये. गादी घेऊन ये." ती म्हणली, "गादीवर तुमच्या पोरींचे पाय चालतील का?" मी म्हणलं, "नांगरलेल्या रानात चाललेत, गादीचं काय घेऊन बसलीस." ती हसली. मंग म्हणली, "पण मॅडम, मला तो गुडघा शिकायचाय, आणि कंबर धरल्यावर जे ती करती ते. तुम्हाला येतं का?"

मला येत न्हाई. वस्तादांना येत न्हाई. माझ्या पोरी लांबून मारतात, वस्तादांच्या पोरी जवळ येऊन पाडतात. लांबून जवळ यायच्या मधली जी एक पावलाची जागा हाये, जिथं काल सगळं घडलं, ते शिकवणारं ह्या मुलखात कोणी न्हाई. साजिया पडल्या पडल्या म्हणली, "साधना मॅडमला येतं."

तर बोलावणं त्या दोघींचं हाये, माझं न्हाई. हैद्राबादहून रेल्वेनं परतूरला उतर. तिथून वाटूर फाट्यापर्यंत जीप मिळतात. फाट्यावर साजिया गाडी घेऊन येईल. माझ्याशी बोलायचं नसंल तर नको बोलू, मी फोन धरते तशी उशी धरीन. आई मात्र हुरडा खायला लावंल, किडे बघून खा.

आता ते, जे मागल्या वेळी राग होता म्हणून लिहिलं न्हाई.

त्या दिवशी संभाजीनगरला सगळं सगळ्यांनी ठरवलं. रेफरीनं ठरवलं, टेबलावरच्यांनी ठरवलं, तू दवाखान्यात येऊन ठरवलंस. जिला मार बसला तिला कोणी विचारलं न्हाई. तारा निघाल्यावर तरी मी सांगायला पाहिजे होतं, पण निकाल माझ्या बाजूचा होता, आणि बाजूचा निकाल माणूस उकरत न्हाई. काल बेबीनंदानं उकरला. तिचं वय काय, माझं काय.

मी पडून राह्यले न्हव्हते, साधना. तू वाकून "उठ की आक्का" म्हणलीस ते मला ऐकू आल्तं. मला उठायचं होतं. पाय हलत न्हव्हते. तू मला शिवलं न्हव्हतंस, पाडलं होतंस, आणि कुठल्या बी मातीवर, कुठल्या बी गावात ती लढत तुझीच धरली असती.

तू जिंकली होतीस. जिला लागलं ती सांगून राह्यली.

— आक्का